दोन तास पंचवीस मिनिटं

आमच्या राजेगावात ज्या कागदावर ठप्पा नाही, तो कागदच नाही. तहसीलदाराची सही असली तरी लोक उलटून पाहतात आणि विचारतात, ठप्पा कुठी हाय? म्हणून मी दुकान उघडलं तेव्हाच गोंदियाहून एक रबरी ठप्पा बनवून आणला. गोल, मधे 'राजू ऑनलाइन सेंटर' आणि खाली 'राजेगाव, जि. बालाघाट'. सरकारदरबारी त्याची किंमत शून्य. पण मी पिकाच्या नोंदीच्या प्रिंटवर मारला, भरतीच्या फॉर्मवर मारला, दहावीच्या निकालावर मारला. लोक खुश होऊन जात. माझं डोकं तसं लवकर तापतं, वाद घालण्यापेक्षा ठप्पा मारून माणूस वाटेला लावणं सोपं. तो ठप्पा एक दिवस कोणाच्या मढ्यावर पडेल, हे मला कसं कळणार होतं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सत्यभामामावशी पेन्शनचा अंगठा द्यायला आली. ती माझी सख्खी मावशी नव्हे, घरामागच्या गल्लीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मंजू खैरलांजीकडे दिलेली, आणि मुलगा धर्मेंद्र, आमचा धरम, आसामात लीलाबारी म्हणून गाव आहे तिथल्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. ठेकेदाराने आधी नागपूरला घेतला, मग उचलून तिकडे नेऊन टाकला. गावात मात्र 'धरम एअरपोर्टात आहे' एवढंच माहीत. एअरपोर्टात आहे म्हणजे मनात आलं की विमानात बसणार, असा हिशोब लोकांनी परस्पर करून टाकला होता.

अंगठा चार वेळा घासून पाचव्यांदा लागला. मी वैतागलो होतो. मागे अकरा जण उभे. मावशी उठेना.

"राजू, धरमचं गाव इथून किती लांब हाय रे?"

"लय लांब हाय मावशी."

"लय मंजे किती? पाह्य ना तुह्या मशीनमंदी."

मी रस्त्याचं अंतर काढलं. दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि खाली तास लिहिले होते, पंचेचाळीस. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी स्टुलावर बसलेलीच होती, पण ते ऐकून ती आणखी खाली बसल्यासारखी झाली. दोन वर्षं मुलाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिने पदराने ओठ पुसले आणि विचारलं, "अन विमानानं?"

मी एका साइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. आमच्यापासून अर्ध्या तासावरचं बिरसी आणि तिचं ते लीलाबारी. पान उघडलं. अंतर पंधराशे अडतीस किलोमीटर. उड्डाणाचा वेळ दोन तास पंचवीस मिनिटं.

"दोन तास?" मावशी म्हणाली.

"दोन तास पंचवीस मिनिटं."

"मंजूले खैरलांजीवरून याले याच्यापेक्षा जास्त लागते. बस चुकली तं अख्खी सकाळ जाते तिची."

तिच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. पानाच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरात एक ओळ होती. हे हवेतलं सरळ रेषेचं अंतर आहे, या मार्गावर थेट विमान उपलब्ध नाही. मी ती वाचली. स्पष्ट वाचली. बिरसीला दिवसाकाठी एखादं विमान येतं, तेही भलतीकडचं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मागे अकरा माणसं होती, आणि समोर ती तशी हसत होती. मी ओळ गिळली.

"लिवून दे मले. मंजूले दाखवतो."

मी प्रिंट काढून दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली.

"ठप्पा?"

मी ठप्पा मारला. वर गंमत म्हणून तारीख टाकली आणि सहीही केली.

त्यानंतर मावशीने गावाला सळो की पळो करून सोडलं. बिरसीला विमान चालवायला शिकवतात, त्या पोरांची इवलीशी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. एखादं खाली आलं की ही अंगणातून ओरडणार, "माहा धरम अडीच तासावर हाय, मालूम हाय का?" कोणी म्हटलं, मग येत का नाही, तर म्हणे, "काम सोडून कसा येईन? हाक मारली की येते थो." धरमचा फोन आला की हे पुन्हा त्याच्याकडून वदवून घ्यायची. मीच तिला फोन लावून द्यायचो, म्हणून ऐकलेलं आहे. "दोनच तास ना रे बापू?" आणि तिकडून आवाज यायचा, "हौ माय, दोनच तास." तो विमानात कधी बसलेला नव्हता. बसतही नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा चढवायच्या आणि विमान गेलं की सावलीत बसायचं, असं त्याचं काम. पण तोही हौ म्हणायचा. आम्ही दोघं मिळून तिला फसवत होतो, आणि दोघांनाही वाटायचं, म्हातारी खुश आहे, काय बिघडलं?

यंदाच्या मे महिन्यात, पंचवीस तारखेला, पहाटे अंगण झाडता झाडता मावशी पडली. शेजारणीने उचलून खाटेवर घेतलं तोवर खेळ संपला होता. तिचा दीर महागूकाका माझ्या दारात आला तेव्हा मी दात घासत होतो. धरमचा नंबर माझ्याकडे असायचा म्हणून तो आला. वीस मिनिटं कमी सात वाजता मी फोन लावला.

धरमने एकदाच "काय?" म्हटलं. 

"राजूभाऊ, थांबवा. मी निघतो. मी आल्याबिगर मायले उचलू नका. तोंड पाहू द्या मले. आग मीच देईन. आन् हे पाहा, तुमी तिले..."

फोन कटला. परत लावला तर बंद. दहा वेळा लावला, बंदच.

आमच्याकडे माती थांबवतात ती मुलासाठी. बापाची थोरल्याने, आईची धाकट्याने, आणि एकच असेल तर त्यानेच. तो शेवटचं तोंड पाहतो, पानाने पाणी पाजतो, मग तिरडी उचलतात. मुलगा पुण्याला असो की सुरतेला, थांबतात. फक्त दिवस मावळायच्या आत उरकावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवसावर जातं. आणि मे महिन्यात दुसरा दिवस म्हणजे फ्रीजर. बालाघाटला एका सेवा मंडळाकडे काचेच्या झाकणाची मोठी पेटी आहे, विजेवर चालते, टेम्पोत घालून आणून देतात. तिच्यात माणूस दोन दिवस राहतो.

साडेसातला अंगणात वीसेक लोक जमले होते. मंडळाचा माणूस माझ्याच फोनवर होता. "पेटी मोकळी आहे, पण किरणापूरकडूनही फोन आला आहे, तुम्हाला पाहिजे का ते आत्ता सांगा," असं तो हिंदीत म्हणत होता. मी महागूकाकाकडे पाहिलं.

"काका, फ्रीजर आनून घेऊ."

"कायले?" काका म्हणाला. "धरम किती वाजता पोचते?"

पहाटेच निरोप गेलेली मंजू तेवढ्यात आली होती. नवऱ्याच्या मोटरसायकलवरून उतरली ती सरळ आईच्या पायावर पडली. ती आता उठली, आत गेली आणि आईची पत्र्याची पेटी उघडून कागद घेऊन आली. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला. घडीवर घडी पडून मधे फाटत आलेला, पण ठप्पा तसाच निळा.

काकाने चष्मा लावला. काका चौथी शिकलेला, आकडे वाचतो. त्याने मोठ्याने वाचलं आणि मग सगळ्यांदेखत बोटांवर मोजलं. सातले निघाला, आठले विमानात बसला, साडेदहाले बिरसी. तिथून अर्धा तास. उशीर धरला तरी बारा.

"बाराले तं पोचतेच. मंग फ्रीजर कायले? ज्याले गरज हाय त्याले जाऊ दे."

"काका, विमान लेट बी होते," मी म्हणालो. "आनून ठेवू. काय बिघडते?"

काकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला राग नव्हता आला. तो नुसता विचारत होता.

"हे तुनंच देल्लं ना? ठप्पा तुहाच हाय. खोटं हाय का हे?"

वीस माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या प्रत्येकाच्या घरात माझ्या ठप्प्याचा एकेक कागद होता. मंजू पाहत होती. आणि खाटेवर मावशी होती, जिला मी हसताना पाहून गप्प बसलो होतो. आज म्हणावं लागलं असतं की मावशी तू मूर्ख ठरलीस, आणि तुला मूर्ख मी ठरवलं. मला ते जमलं नाही. मी भित्रा आहे, हे मला त्या सकाळी कळलं. आधी वाटायचं मी नुसता तापट आहे.

"अंतर खरं हाय काका," मी म्हणालो.

"मंग झालं."

काकाने माझ्या हातातून फोन घेतला आणि मंडळाच्या माणसाला सांगितलं, "हमको नहीं लगता भैया, उनको दे दो. हमारा लडका प्लेन से आ रहा है." हे सांगताना त्याचा आवाज जरा चढलाच. प्लेनने येणारा आमच्या गावातला तो पहिलाच माणूस होता.

दहा वाजले. बायका मावशीभोवती बसून पंख्याने वारा घालत होत्या. आंघोळ घालून झाली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. बांबू आले, मडकं आलं, गोवऱ्या ट्रॅक्टरमधून घाटावर गेल्या. कोणीतरी दोन जणांना मोटरसायकलवर बिरसीला पाठवलं, धरमला आणायला. मी त्यांना अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

वर शिकाऊ विमानं सुरू झाली. एरवी कोणी मान वर करत नाही, त्या दिवशी प्रत्येक आवाजाला अख्खं अंगण वर पाहायचं. एक विमान फारच खालून गेलं तेव्हा मंजू उठून उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सावरला, आता कोणी येणार तसा. विमान नदीवरून वळून परत गेलं. ती उभीच होती. मग खाली बसली आणि आईच्या पायाला हात लावून म्हणाली, "येऊन राह्यला व माय. थोडं थांब." मी तिथून उठून घरामागे गेलो आणि फोन लावत राहिलो. बंद.

साडेअकराला बिरसीहून फोन आला. गेलेल्यांपैकी एकाने तो गेटवरच्या शिपायाच्या हातात दिला. शिपाई म्हणाला, "असम से? भैया, असम से यहां कोई फ्लाइट नहीं आती. कभी नहीं आई. आप लोग किसको लेने आए हो?" त्या दोघांना तिथेच थांबायला सांगून मी फोन ठेवला. काकाने विचारलं, "काय म्हणते?" मी म्हणालो, "अजून आलं नाही म्हणते." शब्दशः पाहिलं तर हे खोटंही नव्हतं. मला स्वतःची किळस आली, तरी मी तेच बोललो.

एकला उन्हाने अंगण भाजून निघालं. उदबत्त्या दुप्पट लावल्या होत्या, आणि का लावल्या ते कोणी बोलत नव्हतं. मावशीचं तोंड सकाळी झोपल्यासारखं होतं, ते आता राहिलं नव्हतं. ओठांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. एका म्हातारीने येऊन तोंडावर कापड टाकलं.

एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. धरम. मागे बसचा खडखडाट.

"राजूभाऊ, टावरच नवता. बसमंदी हाओ. पाच वाजता गुवाहाटीले पोचतो. तिकडून पहाटेच्या विमानानं कलकत्ता, मंग नागपूर. एका साहेबानं तिकिटं काढून देली. नागपूरवरून गाडी करतो. उद्या चार साडेचारले घरी पोचतो, पक्का. फ्रीजर आनला ना?"

मी अंगणातल्या खाटेकडे पाहिलं.

"सकायी तेच सांगत होतो तं फोन कटला. फ्रीजरमंदी राह्यते बरोबर, तुमी घाबरू नका. मी पाह्यलं हाय ना. इकडून किती पेट्या चढवल्या म्या हातानं. मजुराच्या, फौजीच्या. दोन दिवस काहीच होत नाही. हालो? आनला ना?"

"आनतो," मी म्हणालो.

"आनतो मंजे? अजून नाही आनला?"

आवाज तुटला. टॉवर गेला असेल, किंवा मीच कट केला असेल. खरंच आठवत नाही.

मंडळाला फोन लावला. पेटी किरणापूरला गेली होती, उद्या दुपारी मोकळी होणार. "जशी मोकळी होईल तशी इकडेच पाठवा, राजेगाव, सत्यभामाबाईंचं घर," मी म्हणालो. गोंदियाला दोन ठिकाणी विचारलं. एक बंद पडलेली, दुसरी बाहेर गेलेली. मग गाडी काढून गोंदियाच्या बर्फ कारखान्यातून चार लाद्या आणल्या. येईस्तोवर त्यांच्या तीन झाल्या होत्या. खाटेखाली टोपल्यात ठेवल्या, भुसा घातला. चार वाजेपर्यंत अंगणात नुसतं पाणी वाहत होतं, आणि वास लपत नव्हता.

तेव्हा मी सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून. म्हणालो, "काका, धरम उद्या येईन. असं विमानच नाही. कधीच नवतं. त्या कागदावर नुसतं अंतर हाय, पाखरू उडते तसं. मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं."

मला वाटलं होतं कोणी मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. महागूकाकाने चष्मा काढला.

"मंग सकायी काहून नाही बोलला?"

काका उठला, वर पाहून दिवस किती उरला ते पाहिलं आणि म्हणाला, "उचला. उद्यापर्यंत हे राह्यत नाही." मंजू म्हणाली, "काका, दादा..." एवढंच. मग तिने स्वतःच बायकांना सरकायला सांगितलं. धरमला मी फोन लावत होतो. लागत नव्हता. "त्याले सांगजो," काका मला म्हणाला. "तुहं काम हाय ते." मी मान हलवली.

साडेपाचला उचलली. पाणी मंजूने पाजलं, कापडाच्या कडेखालून, तोंड न उघडता. मडकं महागूकाकाने धरलं. बाघ नदीला मे महिन्यात पाणी म्हणजे दोन डबकी, त्यांच्या कडेला सरण रचलेलं. सहाला आग लागली.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी गर्दीपासून थोडा लांब गेलो, फार लांब नाही.

"राजूभाऊ, गुवाहाटीले पोचलो." धरमचा आवाज आता शांत होता, रडून झाल्यानंतर होतो तसा. "माय ठीक हाय ना? फ्रीजरमंदी ठेवली ना?"

माझ्या समोर लाकडं तडतडत होती. त्यालाही ऐकू आलं असेल.

सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. पण त्याला अजून रात्रभर परक्या गावात बसायचं होतं, मग दोन विमानं, मग चार तास गाडी. एवढी वाट त्याने कशाच्या जोरावर तुडवायची? असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तेच जुनं होतं. समोरचा माणूस एका आकड्याला धरून उभा असला की माझ्याने त्याचा हात सोडवला जात नाही. मला ती दया वाटते. ती दया नाही.

"हौ," मी म्हणालो. "तू ये."

"बरं झालं," तो म्हणाला. "लय भेव वाटून राह्यलं होतं."

रात्री काकाने विचारलं, सांगितलं का? मी हौ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मावशीच्या घरी जाऊन बसलो. मंजू माझ्याशी बोलत नव्हती, पण चहा दिला. ठरवलं होतं की धरम आला की गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावरच त्याला गाठायचं आणि सांगायचं. चार वाजता निघायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

तीनला दाराशी टेम्पो थांबला. काल दुपारी मीच बोलावलेला. डोक्यातून पार निघून गेलं होतं. मी उठून बाहेर येईपर्यंत दोन माणसांनी पेटी उतरवून ओसरीवर ठेवलीसुद्धा होती, आणि वायर लावून बटण दाबलं होतं, चालू आहे की नाही ते पाहायला. पेटी घुरघुरायला लागली. मी म्हणालो, "वापस ले जाओ, जरूरत नहीं." टेम्पोवाला भडकला. वीस किलोमीटर आलो, काल का नाही सांगितलं? त्याचं बरोबर होतं. मग म्हणाला, नदीच्या पलीकडे एक सामान सोडायचं आहे, तासाभरात परत येताना उचलतो, तोवर राहू द्या. आणि गेला.

बटण बंद करायला पाहिजे होतं. पेटीवर निदान चादर टाकायला पाहिजे होती. मी घड्याळ पाहत होतो. चारला मोटरसायकल काढली, किक मारली. चालू होईना. पंधरा मिनिटं मी त्या किकशी भांडत होतो.

वीस मिनिटं वर चारला गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. त्याने चार साडेचार म्हटलं होतं. एका मिनिटाचाही उशीर केला नाही.

धरम उतरला. अंगावर एअरपोर्टची निळी पँट तशीच, पायात कामाचे बूट. त्याला मी दिसलो नाही. त्याला ओसरीवरची पेटी दिसली, आणि तो धावला. पायरीवर ठेचकाळला, गुडघ्यावर आला आणि तसाच पुढे सरकून त्याने काचेवर दोन्ही हात ठेवले. आतल्या गारव्याने काच बाहेरून धुकटली होती. त्याने गळ्यातल्या दुपट्ट्याने ती पुसली. "माय," तो म्हणाला. "आलो व माय. टाइमावर आलो." मग वाकून आत पाहिलं.

तो बराच वेळ वाकलेला राहिला. मला वाटतं, आधी त्याला कळलंच नाही. त्याने आणखी एकदा काच पुसली.

मंजू दारात आली. तिने पेटी पाहिली, त्याला पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं की मी त्याला सांगितलेलं नाही.

"राजूभाऊ," धरम न वळता म्हणाला, "माय कुठी हाय?"

"काल उचललं, धरम."

"कवा?"

"साडेपाचले."

तो वळला. त्याच्या डोळ्यांत राग शोधला मी, सापडला नाही. तो नुसता मोजत होता, काकाने बोटांवर मोजलं होतं तसंच.

"काल सहाले म्या तुमाले फोन केल्ता."

"हौ."

"तुमी म्हटलं होतं फ्रीजरमंदी हाय."

"हौ."

"तेवा तुमी कुठी होते?"

"घाटावर," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, जशी एखादी साधी गोष्ट समजल्यावर हलवतात. मग पेटीला पाठ लावून खाली बसला. मंजू त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याने तिचा हात हातात घेतला नाही. वरून एक शिकाऊ विमान गेलं. कोणी पाहिलं नाही.

"म्या पहिल्यांदाच बसलो विमानात," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "कलकत्ता, मंग नागपूर. खरंच लवकर येते. डोळा लागला नाही तं खाली उतरून राह्यलं होतं. मनात म्हटलं, मायले सांगतो, तुह्या कागदात होतं तसंच हाय."

पेटी चालूच होती. बटण माझ्या हाताशी होतं. टेम्पोवाला परत येईपर्यंत ते मी बंद केलं नाही.